घासलेला अडकित्ता

माझी करंगळी अडकित्त्याच्या पात्याखाली धरून तो माणूस मला विचारत होता, "'चालू स्थितीत' असं लिहिलं होतंस ना? मग बघू या, चालतो का."

समोरच्या शेडमधले अठ्ठावीस यंत्रमाग चालू होते. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत सकाळी सातला खडखडाट सुरू होतो, तो वीज जाईपर्यंत थांबत नाही. त्या आवाजात स्वतःच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. मी ओरडले होते, दोनदा. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझं मलाच ऐकू आलं नाही.

मैथिली, माझी तीन वर्षांची मुलगी, सोफा आणि भिंतीच्या मधल्या सापटीत शिरली होती. तिचा एक पाय बाहेर दिसत होता. फरशीवर काचा होत्या आणि पाय अनवाणी होता. मी सारखी त्या पायाकडे बघत होते.

"मास्तर, सोडा. पोरगी बघतेय."

"बघू दे. आई खोटं बोलते म्हणजे कशी दिसते, ते तिलाही कळू दे."

बासष्ट वर्षांचा माणूस. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याचा श्वास माझ्या कपाळावर येत होता आणि हात अजिबात थरथरत नव्हता.

"लिही," तो म्हणाला. मघापर्यंत मी 'ताई' होते.

सासरे वारले त्यानंतर त्यांच्या ट्रंकेतलं पितळ निघालं. पानाचे डबे, चुनाळी, दोन समया आणि पाच अडकित्ते. मैथिली सातव्या महिन्यात जन्मली होती. दोन वर्षं मी तिच्या छातीवर हात ठेवूनच झोपत होते. घराबाहेर नोकरी करणं शक्य नव्हतं. इतिहासात एम.ए. केलं होतं, त्याचा उपयोग एवढाच झाला की जुन्या वस्तूबद्दल चार ओळी बऱ्या लिहिता यायच्या. कुणीतरी मला मोबाइलवरच्या एका लिलावाच्या ग्रुपात घेतलं. सगळ्या महाराष्ट्रातले जुन्या धातूच्या वस्तू जमवणारे तिथे होते. आठ वाजता वस्तूचा फोटो टाकायचा, नऊपर्यंत लोक बोली लावणार, नऊला लिलाव बंद. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तरच तक्रार ऐकायची आणि ॲडमिनचा शब्द शेवटचा. तिथे कुणी कुणाला पाहिलेलं नसायचं. सगळा व्यवहार नावावर चालायचा, आणि ज्याचं नाव गेलं तो संपला.

मोराच्या आकाराचा अडकित्ता मी खिडकीतल्या उजेडात ठेवून फोटो काढले. पितळी दांडे, पोलादी पातं, पिसांच्या खाचांमध्ये शंभर वर्षांचा काळपट तपकिरी थर बसलेला. जमवणाऱ्यांचा जीव त्या थरात असतो. मी लिहिलं, 'मूळ रंग. कधीही न घासलेला. चालू स्थितीत.' बोली चढत गेली. नऊला एक मिनिट असताना मिरजेच्या वामन टाकवड्यांनी शेवटची बोली लावली आणि अडकित्ता त्यांना लागला. दहा मिनिटांत पैसे आले आणि पाठोपाठ निरोप, 'ताई, मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहे. एक विनंती. घासू नका हं. आहे तसाच पाठवा.'

मी अंगठा पाठवला. त्या रात्री मैथिलीला ताप होता, तिला थंड पाण्याच्या घड्या ठेवता ठेवता मी तो अंगठा पाठवला आणि विसरले. सासूबाईंना काही सांगितलं नाही.

सासूबाईंना आमच्याकडे आत्ती म्हणतात. सकाळी मी दवाखान्यातून आले तर आत्ती न्हाणीत बसलेल्या. चिंच, मीठ, राख, नारळाची शेंडी. हातात मोर.

"आत्ती! हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? बघ की, कसा लखलखतोय. सोन्याचा वाटंल."

"अहो, तो तसाच पाठवायचा होता. काळा."

"काळा?" त्यांनी हात थांबवला. "तुझं सासरे चाळीस वर्सं त्यानं सुपारी कातरत हुते. त्यांचं उष्टं हाय ते. मेल्या माणसाचं उष्टं कुणाच्या घरला पाठवायचं व्हय? लोक काय म्हणतील, मगदुमांच्या घरात घासायला बाई न्हवती?"

त्यांच्या मते त्यांनी घराची लाज राखली होती. दारात कुरिअरवाला उभा होता. सांगायला हवं होतं, मिरजेला एक फोन करायला हवा होता. पण पैसे दवाखान्यात गेले होते, आणि 'कधीही न घासलेला' हे मी लिहून बसले होते. मी मोर कापसात गुंडाळला, खोक्यात ठेवला, चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी कापताना माझे दात करकर वाजत होते हे मला आठवतं.

दोन दिवसांनी निरोप आला. 'ताई, वस्तू बदलली गेली आहे का?'

मी लिहिलं, 'नाही सर, तीच आहे. फोटोत उजेड कमी होता.'

'मी तीस वर्षं पोरांना छाया आणि प्रकाश शिकवलाय. मला उजेड शिकवू नका.'

मग फोन, एका सकाळी सतरा. मी एकही उचलला नाही. त्यांनी ग्रुपवर तक्रार केली. ॲडमिनने पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. म्हाताऱ्या माणसाला कसला व्हिडिओ? त्यांनी खोकं कात्रीने उघडलं होतं, देवापुढे बसून. तक्रार फेटाळली गेली. त्या संध्याकाळी त्यांनी मला खाजगीत नको ते लिहिलं. 'चोरटी बाई' लिहिलं, 'मेलेल्या सासऱ्याच्या नावावर भट्टीतला नवा माल खपवते' लिहिलं, आणि शेवटी माझ्या आईबापांवर गेले.

त्याचा मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'घरात लहान मूल असलेल्या बाईला असे निरोप येत आहेत. मी काय करावं?'

तो निरोप मी चार वेळा पुसून पुन्हा लिहिला होता. कुठला शब्द आधी आला तर जास्त लागेल, याचा विचार करून. 'लहान मूल' मी पहिल्या वाक्यात घेतलं.

अर्ध्या तासात दोनशे लोक त्यांच्यावर तुटून पडले. कुणी 'म्हाताऱ्याला काढा', कुणी 'मास्तर, शाळेतही असंच का?' एकाने त्यांच्या प्रोफाइलवरच्या फोटोला गाढवाचे कान लावले, लोक ते चित्र सगळीकडे फिरवत होते. नऊ वाजता ॲडमिनने त्यांना काढून टाकलं आणि बाकीच्या चार ग्रुपांच्या ॲडमिननाही कळवलं.

मग चार दिवस काही नाही. मी दाराला आतून साखळी लावू लागले. हृषीकेश, माझा नवरा, सूतगिरणीत पाळीवर जाता जाता हसला. "मास्तर माणूस आहे गं. येऊन काय करणार, छडी मारणार?"

खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, हे त्याच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

गुरुवारी पावणेअकराला बेल वाजली. आत्ती दळण आणायला गिरणीत गेल्या होत्या, त्याच आल्या असं समजून मी साखळी काढली. मी, जी गॅस बंद आहे का हे तीनदा बघते.

"शर्वरी मगदूम तुम्हीच ना?" खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. "मी टाकवडे. मिरजेहून आलो. पाणी मिळेल का ताई?"

पाणी मागणाऱ्याला दारातून कसं घालवायचं? मी आत गेले, तेवढ्यात तेही आत आले. पाणी एका दमात प्यायले. पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून मोर. तो आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाजूला खलबत्ता होता, त्यात आत्तींनी सकाळी खर्डा कुटला होता. मैथिली तिचे डबे घेऊन जमिनीवर खेळत होती.

"मला पैसे नकोत," ते म्हणाले. आवाज अगदी खाली. "ठेवा तुम्हाला. फक्त ग्रुपवर दोन ओळी लिहा. अडकित्ता घासला होता, चूक माझी होती, मास्तर खरं बोलत होते. एवढंच. मी आत्ता लगेच जातो."

एवढंच होतं. मी खुर्चीवर बसून ते लिहिलं असतं तर ते गेले असते.

पण ज्या ग्रुपवर दोनशे लोकांनी माझ्यासाठी त्यांना फाडून खाल्लं होतं, तिथे मी काय तोंड दाखवणार होते? अजून चार अडकित्ते ट्रंकेत होते. मी म्हटलं, "सर, वस्तू तीच आहे. तुमची काहीतरी गल्लत होतेय. घासलेला नाहीये तो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोराकडे. तो खिडकीतल्या उन्हात चकाकत होता.

"घासलेला नाहीये," ते म्हणाले.

"नाही."

ग्लास माझ्या कानाजवळून गेला आणि शोकेसच्या काचेवर फुटला. मैथिली किंचाळली. मी तिच्याकडे वळले तर त्यांनी माझ्या दंडाला धरून मला परत फिरवलं आणि थोबाडीत मारली. माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. त्या शिट्टीमागे माग चालूच होते.

"तीस वर्षं!" तो ओरडत होता. 'ते' आता माझ्या डोक्यात राहिलेच नाहीत. "तीस वर्षं मी एकेक वस्तू जमवली. लोक मला फोन करून विचारायचे, मास्तर, ही खरी का? मास्तर, ही कुठली? आणि आता गाढवाचे कान? तुझ्यामुळे?"

"मैथू, सोफ्यामागे जा! जा!"

मी टेबलावरचा मोबाइल उचलला. "मी पोलिसांना बोलावते."

त्याने तो हिसकावला आणि फरशीवर आपटला. मग टाचेने दाबला, एकदा, दोनदा, तीनदा. काच कुरकुरली. मी दाराकडे पळाले, त्याने माझी वेणी धरली. मान मागे गेली, गुडघा टेबलाच्या पायावर आपटला, खुर्ची पडली. मी त्याच्या हाताला चावले. त्याच्या मनगटाची चव आठवते, घामाची आणि साबणाची. त्याने एका कोपराने माझं डोकं टेबलावर दाबलं, गाल लाकडाला टेकला, नाकासमोर खलबत्ता, खर्ड्याचा तिखट वास. दुसऱ्या हाताने त्याने मोर उचलला. कोपर न काढता पहिल्या हाताने माझी मूठ उलगडली. अंगठा नाही, तर्जनी नाही, सगळ्यांत लहान बोट निवडलं.

"लिही."

"लिहिते. लिहिते. सोडा."

"आधी लिही."

त्याने दाबलं. पूर्ण नाही. सुपारी फुटायच्या आधी जशी एक चीर पडते तेवढं. कातडी गेली, पातं हाडाला टेकलं. मी ते ऐकलं. मागांच्या त्या गदारोळातही ते मला ऐकू आलं. रक्त मोराच्या खाचांमध्ये उतरलं.

"कशावर लिहू?" मी ओरडले. "कशावर लिहू मास्तर? मोबाइल तुम्हीच फोडलात!"

पुढचं मी जबाबात सांगितलं.

फौजदार गेजगे मॅडम आमच्याच सोफ्यावर बसल्या होत्या. फरशीवर गव्हाचं पीठ सांडलेलं होतं आणि पिठात रक्ताची वाट पडली होती, ती दारापर्यंत. माझ्या बोटाला चार टाके. कडेवर मैथिली, तिचा पाय नीट होता, मी तो पुन्हा पुन्हा हाताने चाचपत होते.

"मी लिहायला तयार झाले तरी तो बोट दाबत होता," मी सांगितलं. "एवढ्यात सासूबाई दळणाचा डबा घेऊन दारातून आल्या. त्याने मला सोडलं आणि त्यांच्या अंगावर धावला. मी टेबलावरचा बत्ता उचलला."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "मार डोक्याच्या मागच्या बाजूला आहे."

मी मैथिलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आत्ती कोपऱ्यात बसून होत्या, केसांत पीठ, पदर फाटलेला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मागनंच बसणार की," आत्ती म्हणाल्या. "तोंड माझ्याकडं हुतं न्हवं त्येचं? मी दारात, ही आत. माझा गळाच धरला हुता त्यानं. हा बघा पदर. पोरीनं मारलं म्हणून मी हाय बाई, न्हाईतर तुम्ही आज पंचनामा माझा करीत बसला असता."

"दोन वार आहेत."

"एकानं पडला न्हाई."

मॅडमनी लिहिलं. गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला: घरात घुसणं, मारहाण, धमकी. माझ्यावर काही नाही. जाताना मॅडमनी मैथिलीच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "वाघीण आहे हो तुझी आई."

सांगलीच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. जगला. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. त्याचा जबाब कधी झालाच नाही. केस तारखांमधून सरकत सरकत पुढे विरून गेली.

ग्रुपवर कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलं. मला 'रणरागिणी' म्हणाले. हात जोडलेली, मुठी आवळलेली, तलवारींची चिन्हं. त्या महिन्यात मी सासऱ्यांची समई लिलावाला लावली, तिला कधी नव्हे ती बोली चढली. विकत घेणाऱ्याने लिहिलं, 'ताई, तुमच्या घरातली वस्तू आमच्याकडे असणं हाच मान.' ती समई मीच घासली होती. वर्णनात तसं लिहिलं नाही. कुणी विचारलं नाही.

आत्ती आणि मी त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. एकदाच. मी भांडी लावत होते, त्या मागून म्हणाल्या, "मी घासायला नको हुता गं." मी म्हटलं, "मी सांगायला हवं होतं." त्यावर त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. सांगितलंय ते सांगितलंय." आणि कुकरची शिट्टी लावली. दोन वर्षांनी त्या गेल्या.

त्याआधी एक फोन आला होता. घटनेला सहा-सात महिने झाले असतील. दुपारची वेळ, मैथिली बालवाडीत.

"मी मिरजेहून बोलतेय. सुलोचना टाकवडे."

मी फोन ठेवायला निघाले.

"ठेवू नका. भांडायला केलेला नाही. त्यांनी तुमच्यावर हात उचलला, ते वाईटच झालं. मी त्यांची बाजू घेत नाही." बाईंचा आवाज शांत होता, मागे मिक्सर चालल्यासारखं काहीतरी वाजत होतं. "एक विचारायचं होतं. त्यांना आता बोलता येत नाही. काहीतरी सांगायचा प्रयत्न करतात, मला कळत नाही. एकच कसलातरी आवाज काढतात, दिवसभर. म्हणून वाटलं तुम्हाला विचारावं. शेवटी ते काय बोलले होते? म्हणजे, त्यांचं शेवटचं बोलणं तुम्हीच ऐकलंत."

माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते मी पिळलं.

"काही नाही," मी म्हटलं. "शिव्या दिल्या."

बाई म्हणाल्या, "बरं. बरं. घरात कधी देत नसत." आणि त्यांनी फोन ठेवला.

या गोष्टीला आता आठ वर्षं होऊन गेली. गेल्या महिन्यात हृषीकेशच्या मावसबहिणीकडे बारसं होतं. जेवणं झाल्यावर त्याने ती गोष्ट सांगायला घेतली. तो दर वेळी सांगतो, आणि दर वेळी मास्तर थोडा उंच, थोडा धिप्पाड होतो.

"आमच्या बायकोच्या नादाला लागू नका हं," तो म्हणाला. "बत्ता ठेवलाय अजून."

"वहिनी, बोट दाखवा की!" कुणीतरी म्हणालं. मी दाखवलं. ते टोकाला वाकत नाही. बायका चुकचुकल्या, पुरुष हसले, कुणी म्हणालं, "हृष्या, मग घरात भांडी तूच घासत असणार!" मैथिली पंगतीच्या कडेला बसून भाताचे गोळे करत होती आणि माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तिने येऊन दार लोटून घेतलं. अकरा वर्षांची आहे. हल्ली दार लोटून बोलते.

"आई, बाबा सांगतात तसं नव्हतं ना?"

"कसं?"

"तो आजीच्या अंगावर धावला वगैरे."

मी तिच्या शाळेच्या सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली. "तू तीन वर्षांची होतीस मैथू. तुला काय आठवणार?"

"मला जास्त काही आठवत नाही," ती म्हणाली. "फक्त त्याची पाठ आठवते. पांढरा शर्ट होता. घामाने ओला, इथे, मधे." तिने स्वतःच्या पाठीला हात लावून दाखवला. "आणि तो आजीला वाट द्यायला असा बाजूला झाला."

समोरच्या शेडमधले माग चालू होते.

मी 'मोबाइल तुम्हीच फोडलात' म्हणाले, तेव्हा त्याचा हात थांबला होता. त्याने फरशीवरच्या मोबाइलच्या चुऱ्याकडे बघितलं. मग माझ्या बोटाकडे. मोर त्याच्या हातातून सुटून टेबलावर पडला. त्याने खिशातला रुमाल काढला, घडी घातलेला, आणि माझ्या बोटाभोवती गुंडाळायला लागला. तेव्हा मात्र त्याचे हात थरथरत होते, गाठ बसेना. सोफ्याकडे बघून तो म्हणाला, "पोरीला उचला. पायाखाली काच आहे." मग म्हणाला, "चुकलं माझं."

जे शब्द तो माझ्याकडून मागायला आला होता, ते त्यानेच म्हटले. आणखी काही म्हटलं नाही. पिशवी उचलली आणि दाराकडे वळला. तेवढ्यात आत्ती डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आत आल्या. त्यांना काही दिसलं नव्हतं, काही कळलं नव्हतं. तो अंग चोरून भिंतीला लागला, त्या आत याव्यात म्हणून. आत्तींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात बत्ता होता. त्यांनी तोंड उघडलं, पण माझ्या पहिल्या वारानंतर. दुसऱ्याच्या आधी त्या "पोरी!" असं ओरडल्या. ते मला ऐकू आलं. पदर त्यांनी स्वतः फाडला, पोलीस यायच्या आधी.

"आई," मैथिली म्हणाली. "बरोबर आठवतंय ना मला?"

नाही म्हणता आलं असतं. तिने ते मानलंही असतं. तीन वर्षांच्या मुलीची आठवण ती काय.

"हो," मी म्हटलं. "पाठच होती. तो निघाला होता."

ती पलंगाच्या कडेवर बसली. सदऱ्याची बाही बोटाने सरळ करत राहिली.

"मग मारलंस का?"

"तो परत येईल असं वाटलं."

"आला असता?"

"नाही," मी म्हटलं.